आधी बिघाड दाखवा

कारभारी मिस्त्रीने सामानाची तिसरी चिठ्ठी लिहून सुलाबाईच्या हातात दिली, आणि सुलाबाईने ती न वाचताच त्याच्या टूलबॉक्सवर परत ठेवली.

ही १९७८च्या जानेवारीतली गोष्ट. पंचवटीत मालेगाव स्टँडच्या मागे कारभारीचं गॅरेज होतं. सुलाबाईची निळी व्हॅन सकाळपासून तिथे उभी होती, आणि बाहेरच्या बाकड्यावर मी बसले होते. मी करंजाळीच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. नाशिकहून रोज जाऊन-येऊन करायची. आमच्यासारखे पेठ रस्त्यावरच्या गावांत नोकरी करणारे दहाजण, शिक्षक, दोन ग्रामसेवक, एक नर्सबाई, सुलाबाईच्या व्हॅनने जायचो. त्या दिवशी व्हॅन पेठ नाक्यावरच अडली, बाकीचे एसटीने पुढे गेले. मी रजा टाकून तिच्याबरोबर गॅरेजला आले, कारण तिच्याबरोबर कुणीतरी असावं असं मला वाटलं. नंतर कळलं की तिला कुणाची गरज नव्हती.

"बाई, हाफ इंजिन करावं लागतंय," कारभारी म्हणाला. "रिंगा, पिस्टन, वॉल्व्ह. कॉम्प्रेशन गेलंय गाडीचं. सामान आणा, मग बघू."

"मग बघू? आधी बघा, मग सामान."

"म्हणजे?"

"म्हणजे कॉम्प्रेशन गेलं हे तुमाला कशावरून कळलं? दाखवा ना मला."

कारभारीने आपल्या कामगारांकडे बघितलं. ते हसले. "वीस वर्षं झाली बाई ह्या धंद्यात. कानाला कळतं."

"मागच्या महिन्यात तुमच्या कानाला बॅटरी कळली. नवी बॅटरी आणली. मग सेल्फ कळला. सेल्फ सगळा नवा करून घातला. गाडी सकाळी हाय तशीच कण्हती. आता कानाला इंजिन कळलं व्हय?" तिचा आवाज चढला नव्हता. "काल ढकलून चालू केल्यावर दहा माणसं घेऊन ही गाडी सावळघाट चढली. धूर नाय मारला, ऑइल नाय पिली. कॉम्प्रेशन गेलेली गाडी अशी चढती का?"

सुलाबाईने आणखी एक विचारलं.

"आणि चोकची तार हाताला चटका का देते?"

"गाडी तापली की तार तापणारच."

"गाडी चालूच झाली नाय, तर तापली कधी?"

ह्यावर कुणी हसलं नाही. कारभारी म्हणाला, "हे बघा, विश्वास नसेल तर गाडी घेऊन जा."

सुलाबाईने लुगड्याचा पदर कमरेला खोचला, मला म्हणाली, "बाई, मागून जरा हात लावता का?" आणि गॅरेजच्याच दोन गिऱ्हाइकांना हाक मारून व्हॅन रस्त्यावर ढकलत आणली.

ही बाई कोण, ते सांगायला हवं. पेठ नाक्याच्या अलीकडे एक वस्ती होती, बहुतेक घरं बौद्ध कुटुंबांची. त्यातल्या शेवटच्या ओळीत सुलाबाई आणि तिचा नवरा मल्हारी गांगुर्डे राहायचे. मूलबाळ नव्हतं. मल्हारी एका ठेकेदाराकडे ड्रायव्हर होता. चौऱ्याहत्तर साली एका दवाखान्याची जुनी रुग्णवाहिका लिलावात निघाली, ती त्याने घेतली, आत बाकडी बसवली आणि पेठच्या रस्त्यावर चालवायला लागला. दोन वर्षांनी टपावर सामान बांधताना तोल जाऊन पडला. खुबा मोडला, तो पुन्हा नीट बसला नाही. क्लच दाबायचा पाय कायमचा गेला.

सुलाबाई तेव्हा एका खाजगी दवाखान्यात आया होती. अठरा वर्षं. म्हातारे डॉक्टर होते, ते वारले आणि दवाखाना बंद झाला. घरात एक मोडका नवरा, दारात एक जुनी गाडी. भावकीने सांगितलं, गाडी विका. ठेवलेला ड्रायव्हर दोन महिन्यांत पळाला. तेव्हा बेचाळीस वर्षांची ती बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला शिकवा."

तपोवनाकडच्या मोकळ्या जागेत मल्हारी शेजारच्या सीटवर कुबडी घेऊन बसायचा आणि ती चुकली की कुबडी डॅशबोर्डवर आपटायचा. बघायला माणसं जमायची. टिंगल करायची. ती काच खाली करून म्हणायची, "बसा की आत. फुकट फिरवते." एक-दोनदा खरंच बसवून फिरवलं तिने, आणि उतरल्यावर त्यांचे चेहरे पांढरे पडलेले असायचे. पण लायसन्स तिने पहिल्या खेपेला काढलं. आम्ही प्रवासी सुरुवातीला कचरलो. मग सवय झाली. ती घाटात कधी घाई करत नसे, आणि कुणाच्या भोंग्याला दबून बाजूलाही होत नसे.

दवाखान्यातून तिने एक गोष्ट घरी आणली होती. ती म्हणायची, "आमचे डॉक्टर पेशंटचं पोट दाबल्याबिगर, कुठं दुखतंय विचारल्याबिगर औषध लिहायचे नाय. एकानं हट्ट केला, मला इंजेक्शनच द्या. डॉक्टर म्हणाले, कशावरचं देऊ? आधी दुखणं तर सांग." गाडीचे मिस्त्री आधी औषध आणायला लावतात, लागू पडलं नाही तर दुसरं, आणि दुखणं शोधतच नाहीत, हा तिचा राग होता. मल्हारीचं मात्र उलट. तो जन्मभर गाडी चालवत आला, पण बॉनेट उघडलं की मिस्त्री सांगेल ते खरं मानणारा.

तर त्या दिवशी व्हॅन ढकलून सुरू करून ती घरी न जाता पेठ नाक्यावर बुधाच्या दुकानापुढे घेऊन आली. बुधा गाड्यांचा मिस्त्री नव्हताच. तो विहिरीवरच्या मोटारी बांधायचा, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळायचा. मूळचा पेठकडच्या डोंगरातला, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी.

"बुधाभाऊ, मला गाडीचं काम नको. एका प्रश्नाचं उत्तर पाह्यजे," सुलाबाई म्हणाली. "गाडी बंद हाय. सेल्फ मारते. गाडी उचलत नाय, आणि चोकची तार तापती. त्या तारेत करंट असतो का?"

"नाय. ती नुसती ओढायची तार."

"मग तापती कशानं?"

बुधाने हातातली मोटार खाली ठेवली. गाडीजवळ आला, तिला सेल्फ मारायला लावला आणि चोकच्या तारेला बोट लावून पटकन काढून घेतलं.

"करंट जातो, तसा परत यायला पाह्यजे," तो म्हणाला. "बॅटरीतून सेल्फला गेला. सेल्फ इंजिनाला बसवलेला. इंजिनातून परत बॅटरीला जायला वाट पाह्यजे ना? इंजिन तर रबरावर बसलंय. मोठी वाट कुठंतरी बंद हाय. म्हणून तो बारक्या तारेतून पळतोय."

मला शाळेत विज्ञान शिकवताना जे कधी नीट सांगता आलं नव्हतं, ते ह्या माणसाने रस्त्यात उभं राहून चार वाक्यांत सांगितलं.

"बघायचं कसं?" सुलाबाईने विचारलं.

बुधाने टपरीतून जाड केबलचा तुकडा आणला. एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या बाजूला धरलं, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडावर दाबलं. "मार आता."

तिने सेल्फ मारला आणि इंजिन एका झटक्यात सुरू झालं. दोन महिने जे कण्हत होतं ते. नाक्यावरचे चहावाले वळून बघायला लागले. मी टाळ्या वाजवल्या. सुलाबाईने मात्र इंजिन बंद केलं.

"आता ती बंद वाट दाखवा."

ती स्वतः पोतं अंथरून गाडीखाली गेली. बुधा वरून सांगत होता, इंजिनाकडून चासीकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे, जाणारी विणलेली पट्टी असेल, चपटी, तांब्याची. ती सापडली. वरून बघायला धडधाकट, बोल्ट करकचून आवळलेला. तिने पाना मागितला, बोल्ट सोडला, पट्टी बाजूला केली, आणि खालून तिचा आवाज आला, "बुधाभाऊ, इथं तर निळा रंग हाय."

पट्टीखाली तांब्याला लोखंड लागायला हवं, तिथे निळ्या रंगाचा छान जाड थर होता. तो रंग कुणी दिला हे तिला तिथेच कळलं. दिवाळीत मल्हारीने घरी बसून बसून कंटाळून व्हॅन रंगवायला घेतली होती. जमिनीवर फळी टाकून, सरकत सरकत, महिनाभर त्याने ती रंगवली. काम नीट व्हावं म्हणून सुटतील तेवढ्या पट्ट्या-बोल्ट सोडून खालचं घासलं, रंगवलं आणि वाळल्यावर परत आवळलं. त्याचा हात पोचला तिथे एक बोटभरही गंज उरला नव्हता.

बुधाने पॉलिश पेपर दिला. तिने रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, पट्टी बसवली. सामान काहीच लागलं नाही.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी होते. तिने मल्हारीला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो खाटेवर बसलेला, मान खाली घालून म्हणाला, "म्हणजे मीच बिघडवली गाडी. ह्याच्यापेक्षा पडलो तेव्हाच..."

"गप बसा," ती म्हणाली. "रंग चांगला दिलाय. माझ्या लग्नातल्या साडीचा एवढा टिकला नव्हता." मग त्याच्यापुढे भाकरी ठेवून म्हणाली, "आता गाडीखाली काय काय असतं ते मला सगळं बघायचंय. तुमी नुसतं बसू नका. मी बघून सांगीन, तुमी लक्षात ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी करंजाळीहून परतताना तिने व्हॅन आम्हा सगळ्यांसकट कारभारीच्या गॅरेजसमोर उभी केली. भरल्या गॅरेजात जाऊन तिने काय सापडलं ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की चूक आपल्याच घरची होती.

"मग इथं कशाला आलात?" कारभारी म्हणाला.

"चूक आमची, पण ती शोधायचं काम तुमचं होतं. तुमी न शोधता दोनदा सामान घालायला लावलं, तिसऱ्यांदा इंजिन खोलत होता. दुसऱ्या कुणाला असं करू नका, एवढं सांगायला आले."

कारभारीचा चेहरा लाल झाला. माणसं ऐकत होती. "दवाखान्यात झाडू मारणाऱ्या बायांनी आता मिस्त्रीला अक्कल शिकवायची का? आपापली पायरी ओळखून राहावं माणसानं."

त्या 'पायरी'चा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला. आमच्यातले रंगनाथ भाऊसाहेब, उमराळ्याचे ग्रामसेवक, खिडकीतून दुसरीकडे बघायला लागले. सुलाबाई हलली नाही.

"झाडू मारणाऱ्याला कचरा कुठं पडलाय ते आधी दिसतं, मिस्त्री," ती म्हणाली. आणि व्हॅनमध्ये येऊन बसली. सेल्फ पहिल्याच झटक्याला लागला. तो तिने जरा जास्तच वेळ धरला, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर मालेगाव स्टँडच्या आसपासचा एकही मिस्त्री तिच्या गाडीला हात लावेना. कारभारीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कुणी म्हणे जागा नाही, कुणी म्हणे अशा जुन्या गाड्या आम्ही घेत नाही. "बरंच झालं," सुलाबाई म्हणाली, पण ते सोपं नव्हतं. तीन-चार महिने तिचे हात कायम काळे, नखं तुटलेली. बुधाने तिला एक टेस्ट लॅम्प करून दिला, म्हणजे बल्बला जोडलेल्या दोन वायरी. करंट कुठपर्यंत येतो आणि कुठे थांबतो ते त्याने कळायचं. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ती आवाज ऐकायची. आणि आम्हाला विचारून भंडावून सोडायची. मागून आवाज येतो म्हणालात ना? गाडी पळताना येतो का ब्रेक मारल्यावर? उजव्या वळणाला का डाव्या? नर्सबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "मला काय माहीत?" तर ती म्हणाली, "तुमी पेशंटला विचारत नाय का?" दुसऱ्या दिवसापासून नर्सबाई कान देऊन बसायला लागल्या.

चुका झाल्या. एका उन्हाळ्यात गाडी गरम व्हायला लागली. तिने रेडिएटर काढला, धुतला, थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते पाहिलं. तीन दिवस आम्ही एसटीला लोंबकळलो. शेवटी मल्हारी खाटेवरून म्हणाला, "सुले, पंख्याचा पट्टा बघितला का?" पट्टा सैल होऊन घसरत होता. उभ्या-उभ्या डोळ्याला दिसेल असा. ती डोक्याला हात लावून तिथेच बसली. "लय शहाणी झाले होते मी," म्हणाली. त्या दिवसापासून सोपं ते आधी बघायचं, हा नियम झाला, आणि नियम मोडला तर मल्हारीला बोलायची मुभा.

खरी कसोटी ब्याऐंशी साली आली. मार्च महिना, ऊन तापायला लागलेलं. व्हॅन सावळघाटात, चढणीवर, अचानक बंद पडायला लागली. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की आपोआप सुरू. घरी दारात उभी असताना काही म्हणजे काही बिघाड नाही. असं आठवड्यात चार वेळा झालं.

रंगनाथ भाऊसाहेबांनी सगळ्यांच्या वतीने बोलायला सुरुवात केली. त्यांचा एक भाचा जीप चालवायचा. "सुलाबाई, हे पेट्रोल पंपाचंच काम आहे. उन्हात पेट्रोलची वाफ होते. माझ्या भाच्याचं म्हणणं, कार्बोरेटर आणि पंप दोन्ही मुंबईहून नवीन आणा. सोमवारपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर आम्हाला जीप बघावी लागेल. आमच्या नोकऱ्यांचा प्रश्न आहे."

"बिघाड कळल्याबिगर मी वायसरसुद्धा आणणार नाय, भाऊसाहेब."

"मग कळणार कधी?"

"ती घाटात मरती. घाटातच कळंल. ती बंद पडंल तेव्हा मला अर्धा तास द्या, एवढंच मागते."

"सोमवारी तपासणी आहे शाळांची," देसले गुरुजी म्हणाले. ते कोटंबीच्या शाळेचे मुख्याध्यापक. "सोमवारी गाडी बंद पडली तर?"

"पडली तर पडली. नाय पडणार असं खोटं सांगू का तुमाला?"

सोमवारी विस्तार अधिकारी येणार होते, आणि सोमवारी ती बंद पडली. सकाळी साडेनऊला, घाटातल्या दुसऱ्या वळणावर. सगळे कोऱ्या कपड्यांत, मांडीवर हजेरीपटांच्या पिशव्या. देसले गुरुजी ओरडलेच. आणि दहा मिनिटांत मागून रंगनाथ भाऊसाहेबांच्या भाच्याची जीप आली. ती आधीच सांगून ठेवलेली असावी. माणसं भराभर उतरून तिच्यात चढली. मला दोनदा बोलावलं. मी शपथेवर सांगते, माझा एक पाय जीपच्या पायरीवर होता. मग मी सुलाबाईकडे बघितलं. ती कुणालाही थांबवत नव्हती, कुणाकडे बघतही नव्हती. बॉनेट उघडून हत्यारं ओळीने मांडत होती. मी पाय काढून घेतला. नर्सबाई तर व्हॅनमधून उतरल्याच नव्हत्या.

जीप गेली. घाटात शांतता झाली.

"बाई, घड्याळ हाय ना? वेळ बघा," ती मला म्हणाली. "आपोआप चालू व्हायच्या आत मला सापडलं पाह्यजे."

आधी तिने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून कान लावला, आत हवा अडकली असेल तर सुस्कारा ऐकू येतो म्हणून. आवाज आला नाही. मग कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडली, खाली वाटी धरली आणि हाताने पंप मारला. पेट्रोलची स्वच्छ, जोरकस धार आली. "बघा नर्सबाई. पंप धडधाकट हाय. मुंबईहून आणून काय केलं असतं?" नळी घट्ट बसवून तिने सांडलेलं पेट्रोल फडक्याने कोरडं पुसलं, वाटी आणि फडकं लांब नेऊन ठेवलं, आणि थोडा वेळ तशीच थांबली. मग प्लगची वायर काढून, टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ लाकडी चिमट्यात धरायला मला सांगितलं. "घाबरू नका, चिमटा सोडू नका." तिने सेल्फ मारला. ठिणगी नाही. पुन्हा मारला. नाही.

"आग नाय," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "पेट्रोल हाय, आग नाय. निम्मं काम झालं."

टेस्ट लॅम्प घेऊन ती एकेक ठिकाणी लावत गेली. स्विचपासून येणारा करंट कॉइलपर्यंत येत होता, बल्ब पेटत होता. कॉइल म्हणजे हातात मावेल असं एक नळकांडं, बॅटरीच्या करंटची ठिणगी करणारं. तिने त्याला हात लावला आणि शिवी हासडली. तापून लाल व्हायचं बाकी होतं.

"किती वेळ झाला?"

"नऊ मिनिटं."

तिने पाण्याचा डबा काढला, पदराचा शेव ओला करायला घेतला, मग थांबली. "नको, हा कॉटनचा नाय." माझ्या खांद्यावरची पिशवी बघून म्हणाली, "बाई, जेवणाचं फडकं द्या." माझ्या डब्याचं फडकं ओलं करून तिने कॉइलभोवती गुंडाळलं. फडक्यातून वाफ निघाली. दुसऱ्यांदा भिजवलं. तिसऱ्यांदा. बाकी कशालाही तिने हात लावला नाही.

"आता धरा वायर."

सेल्फ मारला, आणि चिमट्याच्या टोकाला निळी ठिणगी उडाली. मी किंचाळले. नर्सबाई हसायला लागल्या. सुलाबाई हसली नाही. तिने फडकं काढलं, पुन्हा वायर लावली, इंजिन सुरू केलं आणि म्हणाली, "कॉइल गेली. तापली की मरती. आता आणते कॉइल. फक्त कॉइल."

मी शाळेत पाऊण तास उशिरा पोचले. अधिकारी बसलेले होते. मला कारण दाखवा नोटीस मिळाली. तिच्या उत्तरात मी खरं कारण लिहिलं, "वाहनातील बिघाड शोधण्याचे काम चालू होते." आमचे मुख्याध्यापक म्हणाले, असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, असंच झालं. ती नोटीस माझ्या सेवापुस्तकात नोंदली गेली, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सुलाबाईने नवी कॉइल आणली आणि व्हॅन घाटात पुन्हा तशी बंद पडली नाही. जीपमधले चारजण महिन्याभरात परत आले. देसले गुरुजी आले ते सरळ पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "झालं गेलं." ती म्हणाली, "झालं ते झालंच. बसा." रंगनाथ भाऊसाहेब शेवटपर्यंत परत आले नाहीत. तिने त्यांना कधी बोलावलंही नाही.

पण घाटातली ती गोष्ट नाक्यावर पोचली होती. लोक हातात चिठ्ठ्या घेऊन तिच्या दारात यायला लागले. टेम्पोवाले, कळवणकडून कांदा आणणारे, त्र्यंबकला यात्रेकरू नेणारा एक गरीब टॅक्सीवाला, पुंजा नावाचा. "आक्का, मिस्त्रीनं एवढं सामान सांगितलंय. लागंल का?" ती चिठ्ठी बघायची नाही. विचारायची, "गाडीला काय होतंय?" आणि मल्हारी खाटेवरून मध्ये मध्ये सांगायचा. अमुक गाडीचं मागे असंच झालं होतं, तेव्हा तमुक निघालं होतं. दोन-तीन वर्षांत त्याच्या डोक्यात शंभरेक गाड्यांची दुखणी साठली होती, आणि एकही तो विसरत नसे. काही वेळा ती म्हणायची, मिस्त्री बरोबर सांगतोय, आणा सामान. काही वेळा पोतं घेऊन उठायची.

पुंजाबरोबर ती एकदा कारभारीच्या गॅरेजला गेली. तिथे आता एक पाटी लागली होती. 'गिऱ्हाइकाने कामात तोंड घालू नये.' सुलाबाई चौथी शिकलेली. तिने ती पाटी सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचली, मग पाटीच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली.

"मी गिऱ्हाईक नाय," ती म्हणाली. "गाडी ह्याची हाय. मी नुसती बघायला आले. बघू नये असं लिहिलेलं नाय."

कारभारीने तिला हाकललं नाही. पुंजाची टॅक्सी त्याने तिच्यासमोर तपासली, एकेक करून, नीट. गिअरबॉक्सचा म्हणून सांगितलेला आवाज मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याचा, क्रॉसचा निघाला. त्याला ते काम येत नव्हतं असं नाही, उत्तम येत होतं. त्याला ते कुणी करायला लावलं नव्हतं. काम संपल्यावर तो हात पुसत म्हणाला, "समाधान झालं?"

"माझं नाय, ह्याचं विचारा," ती म्हणाली. त्या दोघांत मैत्री कधीच झाली नाही. तिला ती नकोही होती.

मल्हारी पंच्याऐंशीत गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि सकाळपर्यंत संपलं. तेराव्या दिवशी वस्तीतल्या लोकांनी तिला पुन्हा तेच सांगितलं, आता गाडी विका, वय झालं. चौदाव्या दिवशी सकाळी सात वाजता व्हॅन नाक्यावर उभी होती. घाट संपल्यावर ती म्हणाली, "मागून कुरकुर येतीय. घरी आता सांगायला कुणी नाय." नर्सबाईंनी पुढे सरकून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो करंजाळी येईपर्यंत तसाच होता.

सत्त्याऐंशीत तिने स्वतःच व्हॅनचा निकाल लावला. चासी दोन ठिकाणी गंजून फुटली होती. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटले. तिने हातोडीने ठोकून ठोकून गंज कुठवर गेलाय ते पाहिलं, आणि म्हणाली, "ह्यात माणसं बसवायची नाय." ज्या दिवशी पाहिलं त्याच दिवसापासून तिने आम्हाला त्यात बसवलं नाही. आम्ही चिडलो, तरी नाही.

दुसरी व्हॅन घ्यायला ती सातपूरला गेली तेव्हा मला सोबत नेलं. विकणारा गॉगल घातलेला तरुण माणूस होता. त्याने गाडी धुऊन, सीटांना नवी कव्हरं घालून ठेवली होती. इंजिन आधीच चालू करून ठेवलेलं.

"एकदम ओके कंडिशन आहे, मावशी. काही बघायची गरज नाही."

"इंजिन बंद करा," सुलाबाई म्हणाली.

"का? बघा ना किती मस्त चालतंय."

"गार झाल्यावर चालू होतं का ते बघायचंय. आमी थांबतो. दोन तास लागले तरी चालंल." मग तिने पिशवीतून हातोडी आणि पोतं काढलं, पोतं गाडीच्या पुढच्या चाकाजवळ पसरलं, चप्पल काढून बाजूला नीट ठेवली आणि बावन्न-त्रेपन्न वर्षांची ती बाई पाठीवर झोपून गाडीखाली सरकली.

तरुणाने गॉगल काढला. "मावशी, कपडे खराब होतील!"

खालून लोखंडावर काहीतरी टकटक वाजत होतं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सावकाश.